तोजोचा खटला आणि अर्धवट वाचलेले एक निकालपत्र

११ सप्टेंबर १९४५. टोकियोच्या सेतागाया भागातील एका घराला अमेरिकन सैनिकांनी वेढा घातला होता. बाहेर वार्ताहरांची गर्दी होती. अटकेचा आदेश घेऊन आलेले अधिकारी दार उघडण्याची वाट पाहत असतानाच आतून पिस्तुलाचा आवाज आला. दार फोडून आत शिरलेल्यांना खुर्चीत रक्तबंबाळ अवस्थेत बसलेला जनरल हिदेकी तोजो दिसला. गोळी छातीत शिरली होती. हृदय मात्र चुकले होते. ज्या राष्ट्राविरुद्ध त्याने युद्ध पुकारले, त्याच राष्ट्राच्या डॉक्टरांनी त्याला वाचवले. तीन वर्षांनी त्याच राष्ट्राच्या ताब्यातील तुरुंगात तो फासावर गेला.

या तीन वर्षांत जे घडले त्यातील एकच वाक्य आज आपल्याकडे फिरत असते : "एका भारतीय न्यायाधीशाने जपानला निर्दोष ठरवले." भारत-जपान मैत्रीच्या भाषणांत ते येते, समाजमाध्यमांवर दरवर्षी येते. वाक्य पूर्णपणे खोटे नाही. पण न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी प्रत्यक्षात काय लिहिले आणि तोजोच्या फौजांनी भारतीय माणसांचे काय केले, या दोन्ही गोष्टी त्या वाक्याखाली झाकल्या जातात.

ही कथा महाराष्ट्रापासून वाटते तितकी दूरही नाही. १९८० च्या दशकात आकुर्डीच्या बजाज कारखान्यातून 'कावासाकी बजाज' मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. पिंपरी-चिंचवडमधील अनेक घरांत वडिलांची पहिली दुचाकी तीच. या जोडनावातल्या कावासाकीने युद्धकाळात जपानी लष्करासाठी 'हिएन' ही लढाऊ विमाने बनवली होती. चाकणला ब्रिजस्टोनचे टायर बनतात, तळेगावपर्यंत जपानी उद्योग पसरले आहेत. या सलोख्याचा पाया १९५० च्या दशकात घातला गेला, आणि तो घालणाऱ्यांपैकी एक जण टोकियोच्या सुगामो तुरुंगातून सुटून आला होता. त्याच्याकडे पुढे वळू.

तोजो ऑक्टोबर १९४१ मध्ये पंतप्रधान झाला आणि लष्करमंत्रिपदही त्याने स्वतःकडेच ठेवले. हा तपशील खटल्यात निर्णायक ठरला. युद्धकैद्यांची व्यवस्था लष्करमंत्रालयाच्या अखत्यारीत होती; त्यामुळे छावण्यांत जे घडले त्याची जबाबदारी कागदोपत्री थेट त्याच्या मेजापर्यंत पोहोचत होती. सायपान बेट पडल्यावर जुलै १९४४ मध्ये त्याला पायउतार व्हावे लागले.

१९ जानेवारी १९४६ रोजी जनरल मॅकआर्थर यांच्या घोषणेने अतिपूर्वेसाठीचे आंतरराष्ट्रीय लष्करी न्यायाधिकरण स्थापन झाले. ज्या नऊ राष्ट्रांनी जपानची शरणागती स्वीकारली, त्यांचेच न्यायाधीश नेमायचे असा मूळ बेत होता. त्या नवांत भारत नव्हता. ब्रह्मदेशात आणि मलायात जपानशी लढताना भारतीय सैनिक हजारोंनी पडले होते. न्यायासनावर मात्र त्यांच्या देशाला जागा नव्हती. गिरिजाशंकर बाजपेयी यांच्यासारख्या मुत्सद्द्यांनी वॉशिंग्टनमध्ये हा मुद्दा लावून धरला. अखेर एप्रिलमध्ये सनद दुरुस्त होऊन भारत व फिलिपिन्स यांना एकेक न्यायाधीश मिळाला आणि संख्या अकरा झाली. पाल टोकियोत पोहोचले तेव्हा खटला सुरू होऊन गेला होता.

३ मे १९४६ रोजी इचिगाया टेकडीवरील जुन्या लष्करी इमारतीत खटल्याला आरंभ झाला. आरोपी २८. पहिल्याच दिवशी त्यांच्यापैकी शुमेई ओकावा याने पुढे बसलेल्या तोजोच्या टकलावर थाप मारली. त्याला वेडसर ठरवून खटल्यातून वगळण्यात आले. (ती थाप खरोखर वेडाची होती की हुशारीची, यावर जपानमध्ये अजून चर्चा रंगते.) दोन आरोपी खटला चालू असतानाच मरण पावले. उरलेल्या पंचवीस जणांसाठी दोन वर्षांहून अधिक काळ ४१९ साक्षीदारांनी न्यायालयात साक्षी दिल्या आणि चार हजारांवर दस्तऐवज दाखल झाले.

एक व्यक्ती आरोपींच्या पिंजऱ्यात नव्हती : सम्राट हिरोहितो. अमेरिकेने राज्यकारभाराच्या सोयीसाठी त्याला वगळले होते. ३१ डिसेंबर १९४७ रोजी उलटतपासणीत तोजो बोलून गेला की, सम्राटाच्या इच्छेविरुद्ध जाईल असा एकही जपानी प्रजाजन नाही. न्यायालयात खळबळ उडाली, कारण मग युद्ध सम्राटाच्या इच्छेनेच झाले असा अर्थ निघत होता. पडद्यामागे धावपळ झाली आणि ६ जानेवारीला तोजोने आपले म्हणणे सावरून घेतले : सम्राटाने नाइलाजाने संमती दिली, दोष आपला. मुख्य अभियोक्ता जोसेफ कीनन यालाही हेच उत्तर हवे होते. आरोपी आणि अभियोक्ता यांचे एका मुद्द्यावर असे एकमत व्हावे, हा या खटल्यातील सर्वांत विचित्र क्षण होय.

खटला टोकियोत चालू असताना मराठी सैनिक जपानमध्येच होते. राष्ट्रकुलाच्या ताबा-फौजेतील ब्रिटिश-भारतीय डिव्हिजनमध्ये पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, म्हणजेच 'जंगी पलटण', होती. वर्षभरापूर्वी हीच पलटण इटलीत लढत होती. तिच्यातील नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी दाखवलेल्या शौर्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला होता. सातारा-नगर-रत्नागिरीकडची ही माणसे आता ओकायामा आणि शिमाने भागात पहारे देत होती. भारतीय तुकड्या आळीपाळीने टोकियोत सम्राटाच्या राजवाड्यावरही पहाऱ्याला उभ्या राहत. १९४७ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

याच रेजिमेंटची चौथी बटालियन मार्च १९४४ मध्ये मणिपूरच्या सांगशाक गावी होती. पन्नासाव्या पॅराशूट ब्रिगेडसोबत तिने जपानी हल्ला काही दिवस रोखून धरला आणि कोहिमा-इंफाळच्या बचावाला मोलाची उसंत मिळवून दिली. जपानी फौजेबरोबर त्या मोहिमेत आझाद हिंद सेनाही होती. म्हणजे ईशान्येच्या डोंगरांत मराठी माणूस दोन्ही बाजूंना होता.

दुसऱ्या बाजूचे सर्वांत ठळक मराठी नाव जगन्नाथराव भोसले यांचे. सावंतवाडीजवळच्या तिरोड्याचा हा सुपुत्र सँडहर्स्टला शिकून ब्रिटिश भारतीय लष्करात अधिकारी झाला. सिंगापूर पडल्यानंतर ते आझाद हिंद सेनेत गेले आणि नेताजींच्या हंगामी सरकारात मंत्री झाले. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये दक्षिण रत्नागिरीतून लोकसभेवर निवडून येऊन ते पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी ज्या पिंपरीत वसली, तिथल्या वाचकांनी या खात्याचे नाव घरात नक्की ऐकले असेल.

भोसले आणि त्यांचे सहकारी यांच्यासाठी तोजो हा गुन्हेगार नव्हता. तो मदत देऊ करणारा एकमेव सत्ताधीश होता. १० जून १९४३ रोजी नेताजी त्याला भेटले. २१ ऑक्टोबरला हंगामी सरकार स्थापन झाले आणि दोनच दिवसांत जपानने त्याला मान्यता दिली. नोव्हेंबरमध्ये टोकियोत भरलेल्या बृहत् पूर्व आशिया परिषदेत तोजोने जाहीर केले की, अंदमान आणि निकोबार बेटे आझाद हिंद सरकारला दिली जातील.

अंदमान हे नाव मराठी मनाला वेगळेच हलवते. बाबाराव आणि विनायक सावरकरांच्या कोठड्या तिथल्या सेल्युलर जेलमध्ये. आझाद हिंदचा ध्वज तिथे फडकला ही घटना म्हणूनच मराठी पुस्तकांत अभिमानाने येते, आणि यायलाच हवी. ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरमध्ये नेताजींनी तो ध्वज फडकवला.

परंतु त्याच दिवशी सेल्युलर जेलमध्ये काय चालले होते? डॉक्टर दिवाण सिंग हे पंजाबी कवी आणि वैद्य. बेटावरील इंडियन इंडिपेंडन्स लीगच्या शाखेचे ते प्रमुख होते, म्हणजे जपान्यांचे घोषित मित्र. हेरगिरीच्या संशयावरून जपान्यांनी त्यांना ऑक्टोबर १९४३ मध्ये पकडले होते. नेताजी बेटावर असताना ते त्याच तुरुंगात छळ सोसत होते. स्थानिकांचा आक्रोश नेताजींपर्यंत पोहोचणार नाही याची दक्षता जपानी अधिकाऱ्यांनी घेतली. १४ जानेवारी १९४४ रोजी दिवाण सिंग यांनी प्राण सोडला. ३० जानेवारीला, ध्वजारोहणानंतर बरोबर एका महिन्याने, होमफ्रेगंज येथे ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. ब्रिटिशांनी क्रांतिकारकांसाठी बांधलेला तुरुंग 'आशिया आशियावासीयांचा' म्हणणाऱ्यांनी त्याच कामासाठी वापरला. बेटांवरचा प्रत्यक्ष ताबा जपानी नौदलाने अखेरपर्यंत सोडला नाही.

युद्धकैद्यांची कथाही अशीच. सिंगापूर पडल्यावर सुमारे ४५ हजार भारतीय सैनिक फॅरर पार्कच्या मैदानावर जपान्यांच्या स्वाधीन झाले. जे आझाद हिंद सेनेत गेले त्यांचा इतिहास लिहिला गेला. जे गेले नाहीत त्यांच्यापैकी हजारोंना न्यू गिनी, न्यू ब्रिटन, पलाऊ अशा बेटांवर मजुरीसाठी जहाजांत कोंबून पाठवण्यात आले. भूक, मारहाण आणि रोगराई यांत किती गेले याची आठवण आपल्याकडे जवळपास पुसलीच आहे. सिंगापुरात ब्रिटिशांनी जपानी युद्धगुन्हेगारांवर चालवलेला पहिला खटला २१ जानेवारी १९४६ रोजी सुरू झाला. आरोपी कॅप्टन गोझावा सादाइची आणि त्याचे नऊ साथीदार. बळी होते पलाऊला नेलेले भारतीय कैदी. एका भारतीय कैद्याचा शिरच्छेद करणाऱ्या अधिकाऱ्याला फाशी झाली. साक्षीदारही भारतीयच होते. दिल्लीत लाल किल्ल्यावर आझाद हिंद सेनेचे पहिले खटले नुकतेच आटोपले होते आणि देश त्या सुटकेच्या आनंदात होता; सिंगापुरातल्या या साक्षी कोणाच्या कानी गेल्या नाहीत.

टोकियो न्यायाधिकरणाचा निकाल ४ ते १२ नोव्हेंबर १९४८ असा आठवडाभर वाचला जात होता. महाराष्ट्राचे लक्ष तेव्हा दिल्लीकडे होते. लाल किल्ल्यात गांधीहत्येचा खटला चालू होता आणि नथुराम गोडसेने ८ नोव्हेंबरला आपले निवेदन वाचले. निकालात एक आकडा होता : जर्मनी व इटलीच्या ताब्यातील अमेरिकन-ब्रिटिश युद्धकैद्यांपैकी ४ टक्के मरण पावले; जपानच्या ताब्यात हेच प्रमाण २७ टक्के. या गणनेत आशियाई मजूर नव्हते. सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर राबताना मेलेले तमिळ, मलय आणि ब्रह्मी लोक वेगळे मोजावे लागतील.

पंचवीसही आरोपी दोषी ठरले. सात जणांना फाशी, सोळांना जन्मठेप, दोघांना मुदतीची शिक्षा. फाशीच्या सात जणांत तोजो होता. ब्रह्मदेशातील जपानी फौजेचा अखेरचा सेनापती हेइतारो किमुरा होता. नानकिंगच्या वेळचा सेनापती इवाने मात्सुई होता. त्याच्यावर सिद्ध झालेला एकमेव दोष म्हणजे अत्याचार रोखण्यात केलेली कर्तव्यच्युती. कोकी हिरोता हा सातांतील एकटाच बिगरलष्करी माणूस. २३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यरात्र उलटताच सुगामो तुरुंगात शिक्षेची अंमलबजावणी झाली. अस्थी कुटुंबांना दिल्या गेल्या नाहीत. त्या विमानातून प्रशांत महासागरावर विखुरण्यात आल्याचे सांगणारे अमेरिकन लष्करी कागद २०२१ मध्ये प्रकाशात आले.

निकाल एकमुखी नव्हता. नेदरलँड्सचे रोलिंग आणि फ्रान्सचे बर्नार्ड यांनी आपापली असहमती नोंदवली. फिलिपिन्सचे हारानिल्या यांना उलट काही शिक्षा सौम्य वाटल्या. ते स्वतः बाटानच्या मृत्युयात्रेतून वाचलेले होते. आणि पाल यांनी १२३५ पानांचे स्वतंत्र निकालपत्र लिहून प्रत्येक आरोपीला प्रत्येक आरोपातून मुक्त करण्याची शिफारस केली.

त्यांचा युक्तिवाद नीट समजून घेण्याजोगा आहे. एक तर, १९४१ मध्ये आक्रमक युद्ध हा आंतरराष्ट्रीय कायद्यात व्यक्तीवर लादता येईल असा गुन्हा नव्हता. जेत्यांनी नंतर कायदा करून तो मागल्या तारखेने लागू करणे हा न्याय नव्हे, बळाचा वापर होय. १९२८ पासून १९४५ पर्यंत चाललेला एकच एक कट अभियोग पक्षाने सिद्ध केलेला नाही. आणि ज्या पाश्चात्त्य सत्तांनी आशिया तलवारीने जिंकला, त्यांनी आशियाई राष्ट्राला आक्रमणाचा दोष द्यावा, हे कोणत्या तोंडाने? अणुबॉम्बविषयी त्यांनी लिहिले की, पहिल्या महायुद्धात जर्मन कैसरने ज्या निर्दय युद्धनीतीचा पुरस्कार केला होता, तिच्या सर्वांत जवळ जाणारी या युद्धातील कृती म्हणजे तो बॉम्ब टाकण्याचा निर्णय. पारतंत्र्यात वाढलेल्या कायदेपंडिताची ही धार आजही वाचकाला जाणवते.

परंतु त्याच निकालपत्रात आणखी एक गोष्ट आहे, आणि ती कोणी फारसे पुढे पाठवत नाही. जपानी सैनिकांनी नागरिकांवर आणि युद्धकैद्यांवर अत्याचार केले याचा पुरावा प्रचंड आहे, हे पाल यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केले. नानकिंगबद्दल प्रचार आणि अतिशयोक्ती यांची वजाबाकी केल्यावरही तेथील कृत्ये नाकारता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. प्रत्यक्ष गुन्हे करणाऱ्यांवर इतरत्र खटले चालून कठोर शिक्षा झाल्या आहेत, हेही त्यांनी नोंदवले. टोकियोतील आरोपींनी ती कृत्ये करण्याचे आदेश दिले हे मात्र सिद्ध झाले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे. म्हणजे पाल यांनी मुक्त केली ती पंचवीस माणसे, विशिष्ट आरोपांतून. जपानच्या युद्धाला त्यांनी धुऊन काढले नव्हते.

आदेशाच्या या मुद्द्यावर पाल यांची बाजू दुबळी आहे. छावण्यांमध्ये वर्षानुवर्षे एकाच पद्धतीने माणसे मरत असतील, तक्रारी वरपर्यंत पोहोचत असतील आणि लष्करमंत्री स्वतः पंतप्रधान असेल, तर लेखी आदेश सापडला नाही हे कारण पुरेसे ठरत नाही. पत्नीच्या आजारपणामुळे पाल यांना मधल्या काळात कलकत्त्याला जावे लागले होते आणि त्यांच्या अनेक बैठका चुकल्या. त्यांचा कल आरंभापासून ठरलेला होता, असाही आक्षेप अभ्यासकांनी घेतला आहे. जेत्यांच्या न्यायावरील त्यांची टीका मात्र यामुळे खोटी ठरत नाही. सम्राटाला आणि अणुबॉम्बला वगळणारे न्यायासन निःपक्षपाती होते, असे कोणी म्हणू शकत नाही.

नेहरू या निकालपत्रावर खूश नव्हते. पाल यांची नेमणूक १९४६ मध्ये ब्रिटिशांच्या काळात झालेली. निकाल आला तेव्हा देश स्वतंत्र होता आणि जग ते मत भारताचे मानण्याची शक्यता होती. सरकारने त्यापासून अंतर राखले. जपानमध्ये अमेरिकन ताबा संपेपर्यंत ते प्रसिद्ध होऊ शकले नाही. १९५२ मध्ये ताबा उठताच पत्रकार मासाआकी तानाका याने त्यावर पुस्तक काढले आणि शीर्षकातच 'जपान निर्दोष' अशी घोषणा करून टाकली. आज फिरणारे वाक्य तिथून आले आहे. पाल यांचे संपूर्ण निकालपत्र १९५३ मध्ये कलकत्त्यात छापले गेले. जाड ग्रंथ वाचण्यापेक्षा शीर्षक वाचणे सोपे, हे तेव्हाही खरे होते.

त्याच १९५२ च्या जूनमध्ये भारताने जपानशी स्वतंत्र शांतता करार केला. सॅन फ्रान्सिस्को परिषदेला भारत गेला नव्हता. नुकसानभरपाईचा हक्कही त्याने सोडून दिला. ही उदारता होती आणि दूरदृष्टीही. पण तिची किंमत अंदमानच्या कुटुंबांनी आणि न्यू गिनीहून न परतलेल्यांच्या घरच्यांनी चुकवली. त्यांना कोणी विचारले नव्हते.

आता सुगामोतून सुटलेला तो माणूस. नोबुसुके किशी हा तोजोच्या मंत्रिमंडळात वाणिज्य व उद्योगमंत्री होता. अमेरिकेविरुद्धच्या युद्धघोषणेवर त्याची सही होती. त्यापूर्वी जपानव्याप्त मांचुरियातील उद्योगांची घडी त्याने बसवली होती. युद्धानंतर प्रथम श्रेणीच्या युद्धगुन्ह्यांचा संशयित म्हणून त्याला सुगामोत डांबले गेले, पण आरोपपत्र कधीच दाखल झाले नाही. तोजोला फाशी झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, २४ डिसेंबर १९४८ रोजी, तो सुटला. तोवर शीतयुद्ध सुरू झाले होते आणि अमेरिकेला जपानमध्ये साम्यवादविरोधी माणसे हवी होती. १९५७ मध्ये किशी जपानचा पंतप्रधान झाला. तोच एकटा नव्हे : सात वर्षांची शिक्षा झालेला शिगेमित्सु सुटून परराष्ट्रमंत्री झाला, जन्मठेप झालेला काया पुढे न्यायमंत्री झाला.

मे १९५७ मध्ये किशी भारतात आला. भारतभेटीवर येणारा तो पहिला जपानी पंतप्रधान. नेहरूंनी त्याचे स्वागत केले आणि ऑक्टोबरमध्ये स्वतः जपानला गेले. १९५८ मध्ये जपानने इतिहासातील आपले पहिले येन-कर्ज दिले, ते भारताला. विकासकर्जे, मग तंत्रज्ञान, मग संयुक्त उद्योग असा तो मार्ग पुढे रुंदावत गेला, आणि त्याची एक शाखा आकुर्डीहून चाकणपर्यंत आली आहे.

२२ ऑगस्ट २००७ रोजी जपानचे पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारतीय संसदेत भाषण केले आणि न्यायमूर्ती पाल यांचे नाव आदराने घेतले. दुसऱ्या दिवशी कोलकात्यात ते पाल यांच्या वृद्ध पुत्राला भेटले. आबे हे किशीचे नातू. त्याआधी दोन वर्षे टोकियोच्या यासुकुनी मंदिराच्या आवारात पाल यांचे छायाचित्र असलेले स्मारक उभे राहिले होते. १९७८ पासून तोजोचाही समावेश त्याच मंदिरातील पूज्य आत्म्यांत आहे. पोर्ट ब्लेअरमध्ये दिवाण सिंग यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. सेल्युलर जेल पाहून परतणाऱ्या मराठी सहलींपैकी फार थोड्या तिकडे वळतात.